बेचाळिसावी केज

तिला ऑफिसात सगळे मणकाताई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, त्यामुळे त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची घरघर भिंतीतून ऐकू येते अशा एका लांबट खोलीत अकरा माणसं दिवसभर ऑपरेशनचे कागद वाचत आणि त्यांचे कोड बनवत. कुणाकडे हृदयाचे कागद, कुणाकडे बाळंतपणाचे. मणकाताईच्या वाट्याला पाठीचे कणे आले होते. झिजलेले, घसरलेले मणके स्क्रू आणि रॉड घालून एकमेकांशी सांधायचे, म्हणजे फ्यूजन करायचं, हे सर्जनचं काम. त्याने नेमके किती सांधे जोडले, पोटाकडून शिरला की पाठीकडून, आत काय ठेवून आला, हे सगळं सात अक्षरांच्या कोडात बसवायचं, हे मणकाताईचं काम.

तो कोड मग तीन ठिकाणी जाई. विमा कंपनीकडे जाई, सरकारी आकडेवारीत जाई आणि हॉस्पिटलच्या इम्प्लांट रजिस्टरमध्येही जाई. कोणाच्या अंगात काय बसवलंय हे पुढे कुणाला बघायचं झालं, तर तो कोड बघत असे. मूळ कागद परत उघडायच्या फंदात कोणी पडत नसे.

नव्याने लागलेला माणूस इथे पहिल्याच आठवड्यात आपटी खातो. तो मणके मोजतो. तीन मणके जोडले की तीन लिहून मोकळा होतो. मोजायचे असतात मधले सांधे, आणि ते दोनच भरतात. मणकाताईने हे एकदा घरी सांगितलं, तेव्हा जन्मभर शिवणकाम केलेले तिचे सासरे म्हणाले, "म्हणजे शर्टाला बटणं सात, पण त्यांच्या मधल्या जागा सहाच. एवढंही कळत नाही का लोकांना?" ते उदाहरण ती नव्या लोकांना देई. ते हसत आणि पुन्हा चुकत नसत.

त्याआधी अकरा वर्षं ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले गुडघे वाकवताना लोक "आई गं" म्हणून ओरडत, आणि संध्याकाळी भाजी चिरतानाही ते ओरडणं तिच्या कानात चालूच असे. मनगटं दुखायला लागली हे एक निमित्त झालं. कागद कितीही वाकवला तरी ओरडत नाही, असा हिशेब करून ती परीक्षा देऊन इकडे आली, आणि आठ वर्षांत या कामात तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. ऑपरेशनच्या कागदात सर्जनने जे लिहिलं नाही तेही तिला दिसायचं. हाड भरल्याचा उल्लेख नसेल, तर नुसत्या स्क्रूंना फ्यूजन म्हणता येत नाही, म्हणून ती मोठमोठ्या डॉक्टरांना विचारणा पाठवी. डॉक्टर वैतागत आणि निमूट उत्तर देत.

एकोणीस महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. बसच्या रांगेत उभा होता, जरा बसतो म्हणून कठड्यावर बसला, आणि बस आली तरी उठला नाही. एकोणपन्नास वर्षांचा होता. सहाव्या दिवशी मणकाताई कामावर हजर. खात्याच्या प्रमुख, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, त्या म्हणाल्या, "अगं, राहा ना घरी अजून थोडे दिवस."

"घरी बसून काय करू?" ती म्हणाली आणि कॉम्प्युटर चालू केला.

त्या दिवशी तिने चौदा फायली संपवल्या. एरवी नऊ-दहा होत. बाई खंबीर आहे हो, असं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचं एकमत झालं. कसली खंबीर! तिला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं, तसं तिचं सगळंच झालं होतं, आणि ते इंजेक्शन उतरायचं नाव घेत नव्हतं. पहिला महिना गेला, वर्ष गेलं. ती जेवत होती, झोपत होती, बिलं भरत होती. नवऱ्याचे शर्ट तिने घड्या घालून देऊन टाकले आणि पिशवीची गाठही नीट मारली.

घरी आता ती आणि सासरे, दोघंच. म्हातारा मात्र मोकळा होता. टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं तरी त्याचे डोळे भरून येत, आणि सून शेजारी बसून आवाज कमी करी.

"सूनबाई, एकदा माझ्याशी भांड तरी," ते एकदा म्हणाले.

"कशावरून भांडू, बाबा?"

"मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो. त्यावरून भांड. तो भांडायचा."

"टाका. वाळेल तो."

म्हातारा स्वतःच उठून टॉवेल दोरीवर टाकून आला.

या वर्षी केजचं प्रकरण निघालं. दोन मणक्यांमधली झिजलेली चकती काढली की तिथे एक पोकळ ठोकळा बसवतात, काड्यापेटीच्या निम्म्याने असेल, त्याला केज म्हणतात. केज बनवणाऱ्या एका कंपनीने कळवलं की त्यांच्या एका बॅचमधल्या केजना तडे जाताहेत. तडा गेला की केज मागे सरकते, आणि मागेच पायांकडे जाणाऱ्या नसा असतात. तेव्हा या बॅचची केज ज्यांना बसवली त्यांना बोलवा, तपासा, आणि तोवर वजन उचलू देऊ नका. यादी काढायचं काम अर्थातच मणकाताईकडे आलं. तिने रजिस्टरमधून केजचे कोड शोधले, बॅच नंबर ताडून पाहिले आणि एक्केचाळीस माणसांची यादी थोरल्या बाईंच्या टेबलावर ठेवली. सगळ्यांना पत्रं गेली. बातमी पेपरातही आली, म्हणून तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीशेजारी खास एक फोन बसवला आणि त्याच्यासमोर एक तरुण माणूस बसवला. फोन आला की त्याने यादीत नाव बघायचं आणि आहे किंवा नाही ते सांगायचं. सगळे त्याला फोनवाला म्हणू लागले.

दोन महिन्यांनी स्टोअरकीपर वही घेऊन वर आला. चेहरा पडलेला.

"ताई, त्या बॅचच्या पन्नास केज माझ्याकडे आल्या होत्या. आठ मी परत धाडल्या. म्हणजे बेचाळीस वापरल्या. तुमच्या यादीत एक्केचाळीस कशा?"

"एखादी ऑपरेशनमध्ये खाली पडली असेल," थोरल्या बाई कागदातून मान न काढता म्हणाल्या. "जमिनीवर पडलेली वस्तू कोण बसवतो? फेकून दिली असणार."

स्टोअरकीपरचा जीव भांड्यात पडला. तो वही मिटून निघालाही. मणकाताई म्हणाली, "फेकली तरी तिचं स्टिकर लागतं. बघते मी."

तिला काही खटकलं होतं म्हणून नव्हे. मोजलेलं जुळलं नाही की परत मोजायचं, एवढी सवय अंगात उरली होती. इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यावर बॅच नंबराचं एक स्टिकर असतं. ऑपरेशन चालू असताना सिस्टर ते सोलून फाइलमधल्या कागदावर चिकटवते. त्या महिन्यांतल्या सगळ्या फायलींचे स्टिकरचे कागद ती एकेक करून उघडत गेली. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, बेचाळिसावी केज सापडली.

पेशंट बाई, वय चौतीस, काम लॉन्ड्रीत. सर्जनने ऑपरेशनचा वृत्तांत तयार साच्यातून उचलून टाकला होता, तो नेहमीच तसं करायचा: चार स्क्रू, दोन रॉड, पेशंटचंच हाड भरलं. केजचा उल्लेख नाही. बाईला घरी सोडतानाच्या कागदावरही तेच उतरलेलं. स्टिकर मात्र सात होती. चार स्क्रूंची, दोन रॉडची आणि सातवं केजचं. अशा वेळी काय करायचं याचा नियम साधा आहे. सर्जनला विचारणा पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत फाइल अडकवून ठेवायची. इथे कोणी विचारलंच नव्हतं. खाली कोड होता, केज नसल्याचा. कोडाखाली मणकाताईची आद्याक्षरं आणि तारीख. चौदा फायलींचा दिवस.

तिला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. सातवं स्टिकर तिने तेव्हा पाहिलं होतं. विचारणेचा फॉर्मही उघडला होता. मग, काय फरक पडतो, असं मनात आलं, आणि तिने तो बंद केला. आठ वर्षांत असं कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि सगळ्या खोलीला वाटत होतं की बाई किती शांतपणे काम करतेय.

आता तरी आपल्याला धक्का बसेल म्हणून ती थांबली. बसला नाही. सर्जन तर वर्षापूर्वीच दुसऱ्या गावी निघून गेला होता. तिने फाइलचं पुढचं पान उघडलं. तिथे फोनवाल्याने लिहिलेल्या तीन नोंदी होत्या. पहिली: कंबरेत कट् असा आवाज येतो म्हणतात, यादीत नाव नाही, काळजी करू नये असे सांगितले. दुसरी: डाव्या पायात कळा, यादीत नाव नाही, केज बसवलेलीच नसल्याचे सांगितले. तिसरी पाच दिवसांपूर्वीची: चालताना डावी चप्पल पायातून सुटून मागे राहते, सुटल्याचे कळत नाही, यादीत नाव नाही, घरच्यांचे म्हणणे, मनाने घेतले आहे.

चप्पल सुटते आणि कळत नाही, याचा अर्थ सांगायला मणकाताईला पुस्तक लागत नव्हतं. असे पाय तिने अकरा वर्षं हातात धरले होते. आधी अंगठा उचलत नाही, मग चवडा. नस दबून दिवस झाले की मग पुढे कितीही चांगला सर्जन आला तरी पाय परत मिळत नाही. त्या बाईकडे थोडे दिवस होते, आणि त्यातले पाच गेले होते.

ती फाइल घेऊन थोरल्या बाईंच्या केबिनमध्ये गेली. "बेचाळिसावी सापडली. चूक माझी आहे," असं म्हणून तिने स्टिकर दाखवलं, कोड दाखवला आणि तीन नोंदी वाचून दाखवल्या. थोरल्या बाईंनी उठून दार लावलं.

"कोणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"बरं झालं. आता आणखी कोणाला सांगू नकोस. वीस तारखेला कमिटी आहे. तिथे ठेवू, वकिलांना दाखवू, सुधारित यादी निघेल, पत्र जाईल. दोन-अडीच आठवडे धर."

"बाई, तिची चप्पल पडते आणि तिला कळत नाही."

"अगं, मग मी काय करू?"

"तिच्याकडे अडीच आठवडे नाहीत. फोन करूया."

"आपण पेशंटला फोन करायचा नसतो, हे मी तुला शिकवू? यादीबाहेरच्या बाईला फोन केलास तर उद्या तुझी गच्छंती होईल, आणि तेव्हा मला मध्ये पडता येणार नाही. ऐक माझं. एवढ्या वर्षांत तुझी एक चूक नाही. ही पण नीट निस्तरू, रीतसर."

थोरल्या बाई वाईट नव्हत्या. फक्त प्रमुख होत्या. मणकाताईने मान डोलावली, फाइलवरचा फोन नंबर हातावर लिहून घेतला आणि जिन्याने खाली उतरली. लिफ्टची वाट बघावी असं तिला वाटलं नाही.

तळमजल्यावर नाव नोंदवणाऱ्यांची रांग दारापर्यंत आली होती. फोनवाला डबा उघडून बसला होता.

"ती लॉन्ड्रीवाली?" तिने विचारल्यावर तो लगेच म्हणाला. "हो, आठवते ना. गोड बोलते बिचारी. तीनदा समजावलं मी तिला, की नाव नाही म्हणजे नाही."

"उठ जरा."

"का? काय झालं, ताई?"

"तुझं काही चुकलं नाही. उठ."

पुढचं आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. त्या बाईचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. केजला तडा गेला होता आणि ती नसेवर येऊन टेकली होती. पाय बराचसा परत आला, पूर्ण आला नाही. डाव्या पायाला ती आता मागे पट्टा असलेली सँडल घालते. मणकाताईची नोकरी गेली नाही, पण लेखी समज मिळाली, आणि सहा महिने तिची प्रत्येक फाइल दुसऱ्याने तपासायची असं ठरलं. तपासायला नेमकी ती माणसं बसली ज्यांना तिने मणके मोजायला शिकवलं होतं. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. समोर फोन होता आणि हातावर नंबर.

चार वेळा रिंग वाजली.

"हॅलो?"

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या पाठीच्या ऑपरेशनबद्दल."

"अय्या, सॉरी हं," पलीकडून घाईने आवाज आला. "मी पाच दिवस झाले, केलाच नाही फोन. ते दादा म्हणाले ना, यादीत नाव नाही. आता नाही त्रास देणार मी. खरंच."

मणकाताईला पुढचे शब्द पाठ होते, जिन्यावरून उतरताना तिने ते जुळवले होते. पण आपल्याला रागावतील या भीतीने ही बाई आधीच माफी मागत होती.

"यादी चुकलीय," ती म्हणाली. "तुमच्या पाठीत केज आहे. त्या खराब बॅचमधली. तुमच्या कागदांत तिचं स्टिकर होतं. मी ते पाहिलं होतं आणि लिहिलं नाही. म्हणून तुमचं नाव आलं नाही."

पलीकडे मागे कुठेतरी वाफेच्या इस्त्रीचा फुसफुस आवाज येत होता.

"ऐकताय ना? आत्ता काही उचलू नका. आजच इकडे या, मी खाली थांबते."

"म्हणजे," बाई हळू आवाजात म्हणाली, "दुखतंय ते खरं आहे?"

"हो."

"मनाचं नाही?"

"नाही. मनाचं नाही."

मग बाई म्हणाली, "ताई, एक काम कराल? आमच्या सासूबाई इथेच आहेत, दुकानात. त्यांना सांगाल एवढं? मला म्हणालात ना, तस्संच सांगा. मी सांगितलं तर..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही. "आई, जरा हा फोन घ्या ना. हॉस्पिटलमधून आहे."

फोन हातातून हातात गेला. "कोण बोलतंय?" असा एक जाडसर आवाज आला.

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या सूनबाईंना खरंच दुखतंय."

"काय? मोठ्याने बोला. मला कमी ऐकू येतं, आणि इथे मशीन चालू आहे."

मणकाताईने आवाज चढवला. एकोणीस महिन्यांत तिने आवाज चढवला नव्हता, घरीही नाही. "त्यांना खरंच दुखतंय! पाठीत बसवलेली वस्तू मोडलीय! चूक आमची आहे. माझी आहे!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. फोनवाल्याने डब्याचं झाकण हातातच धरून ठेवलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थोरल्या बाई येऊन उभ्या होत्या.

"परत सांगा," म्हातारी म्हणाली. या वेळी तिला ऐकू आलं नसावं असं नव्हतं.

"तिला दुखतंय हो!" मणकाताई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. आपण रडतोय हे तिला आधी समजलं नाही. फोनवाला रुमाल पुढे करत होता तेव्हा कळलं. "इतके दिवस सांगतेय ना ती तुम्हाला. खरं सांगतेय. तिला दुखतंय."

फोन बंद करायचं म्हातारीच्या लक्षात आलं नाही, तो तसाच कुठेतरी कपड्यांवर ठेवला गेला असावा. कारण आवाज आता लांबून येत होता, आणि मणकाताई दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरून तो ऐकत होती.

"ठेव ती इस्त्री. ठेव म्हणते ना. बस. अशी नाही, टेकून बस. कुठे दुखतंय? इथे? दाखव मला, कुठे दुखतंय?"